बांधावरचा ऊस

वाघमारे मॅडम निवृत्त झाल्या आणि आमच्या स्टाफरूममधले डबे सुरक्षित झाले. आता ज्याची भाजी त्यालाच मिळते, चपात्या पुरतात, आणि जेवणात काही राम राहिलेला नाही. पूर्वी मधल्या सुट्टीची घंटा झाली की मॅडम हातात चमचा घेऊन उठायच्या आणि टेबलाभोवती एक फेरी मारायच्या. विचारणं-बिचारणं नाही. चमचा थेट भाजीच्या मधोमध खुपसायचा, तळापर्यंत न्यायचा आणि तिथला घास उचलायचा. वर पेरलेली कोथिंबीर, वर आलेला तेलाचा तवंग, या सगळ्याची त्यांच्या लेखी किंमत शून्य. "वरचा थर दाखवायसाठी असतोय, राव. खालचा खायसाठी," असं म्हणून त्या निकाल द्यायच्या आणि त्या निकालावर अपील नसायचं. माझ्या बायकोच्या भरल्या वांग्यांना त्यांनी एकदा "कडंला पास, मधी नापास" असा शेरा दिला. मी गाढवासारखा तो घरी जाऊन सांगितला. पुढचा आठवडा मी कॅन्टीनमध्ये जेवलो.

मॅडम बारामतीच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्याच विभागात, त्यांच्याहून बराच धाकटा. अंगानं बुटक्या, आवाजानं उंच. नऊवारी नेसणाऱ्या आईची ही मुलगी पाचवारीचा पदर कमरेला खोचून, डोक्यावर हेल्मेट चढवून स्कूटीवरून यायची, तेव्हा गेटवरचा शिपाई आधी सलाम ठोकायचा आणि मग बाजूला उडी मारायचा. वर्गात त्या छापील मराठी आणि छापील इंग्रजी बोलायच्या. वर्गाबाहेर पाऊल पडलं की इंदापूर तालुका सुरू. मीटिंगमध्ये त्या हमखास झोपायच्या, आणि त्यांच्या विषयाचा नंबर आला की नेमक्या जाग्या होऊन विरोध नोंदवायच्या. कुत्र्याला मात्र वाघासारखं भ्यायच्या. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं की स्कूटी थांबवून, ते आपण होऊन उठेपर्यंत वाट पाहायच्या. यात तास बुडाला तरी चालेल.

बारामतीच्या मंडईत त्या शिरल्या की टोमॅटोवाले तात्या ओरडायचे, "मॅडम आल्या रं, ढीग धरा!" कारण मॅडमचा हात ढिगाच्या पोटात जायचा आणि बाहेर येताना अर्धा ढीग रस्त्यावर यायचा. तात्या चिडायचे, शिव्या पुटपुटायचे, आणि शेवटी मूठभर मिरच्या फुकट टाकायचे. "सगळी दुनिया वरचा माल बघून जाती," ते मला एकदा म्हणाले. "ही एकटी बाई मला लबाडी करू देत न्हाय."

हे सगळं वेड जिथून आलं ते ठिकाण इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात होतं. मॅडमच्या भावाचा उसाचा फड. नमुना कसा निवडावा हा धडा आला की त्या एम.एस्सी.च्या मुलांना पुस्तक मिटायला लावून एसटीत बसवायच्या आणि तिथं न्यायच्या. आधी बांधावर उभं करायचं आणि विचारायचं, "बोला, ऊस कसा हाय?" बांधावरचा ऊस जाडजूड, रसरशीत, मनगटाएवढा. पोरं म्हणायची, "एक नंबर!" मग त्या सगळ्यांना आत घुसवायच्या. पानांनी हात कापायचे, कूस टोचून अंग खाजायचं, आणि फडाच्या मधोमध पोचल्यावर दिसायचं की ऊस अंगठ्याएवढा. "बांधावरच्याला ऊन मोकळं, वारं मोकळं, कुणाची गर्दी न्हाय. त्यो माजणारच. कारखान्याला काय बांध घालायचाय व्हय?" अंग खाजवत उभ्या असलेल्या पोरांना हे आयुष्यात कधी विसरता यायचं नाही. मीही त्यांचा विद्यार्थी नसताना एकदा गेलो होतो. चार दिवस खाजवत होतो.

एवढं सांगितलं, कारण मॅडमची खरी ओळख मला पटली ती प्रज्ञाच्या वेळी. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

प्रज्ञा कळसचीच. वडील साखर कारखान्यात कारकून, आई गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई, आणि घरात आबा, म्हणजे आजोबा. छप्पन साली आबांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा आबा त्यांच्या खांद्यावर बसून गेले होते. तेव्हापासून त्या घरात भाकरीआधी पाटी आली, असं आबा सांगायचे. प्रज्ञा एम.एस्सी.ला आमच्या वर्गात पहिली होती आणि तिला परदेशात पीएचडी करायची होती. संख्याशास्त्रात की जीवसंख्याशास्त्रात, म्हणजे औषधं, आजार आणि माणसं यांचं जे संख्याशास्त्र असतं त्यात, हे तिचं ठरत नव्हतं. घरी एक सोलापूरकडचं स्थळ येऊन बसलेलं. वडिलांनी तिला सांगितलं होतं, "एक वरीस थांबतो, बाळा. यंदा झालं तर झालं. न्हायतर बँकेची परीक्षा दे, आन् लगीन." माणूस वाईट नव्हता. पण एक वर्ष म्हणजे एकच वर्ष होतं. शिफारसपत्रं मागायची, परीक्षा द्यायच्या, अर्जाची फी भरायची, हे सगळं दोनदा होण्यासारखं नव्हतं. अर्ज मोजकेच करायचे, आणि ते कुठं करायचे यावर पोरीचं पुढचं सगळं टांगलेलं.

अशा वेळी बारामतीत सल्ल्याला तोटा नसतो. प्राचार्यांनी सांगितलं, नाव असं हवं की फ्लेक्सवर लांबून वाचता आलं पाहिजे. प्रज्ञाच्या मामांनी सांगितलं, आपलं माणूस जवळ असलेलं गाव बघा, अडीअडचणीला बरं. आणि मी? मी वालचंदनगरच्या कंपनीच्या कॉलनीत वाढलेला. तिथं क्वार्टर्सना नंबर, झाडांना रांग, माणसांना ग्रेड. मला प्रत्येक गोष्टीची क्रमवारी लावल्याशिवाय झोप येत नाही. मी जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या एकत्र करून एक झकास तक्ता बनवला, रंग भरले, आणि मॅडमपुढं ठेवला. वरची नावं हिरवी, खालची लाल.

मॅडमनी तक्ता पाहिला. "छान रंगवलाय," म्हणाल्या. "रांगोळी चांगली जमंल तुमाला."

मला राग आला. "मॅडम, यामागं आकडेवारी आहे."

"हाय ना. समदी बांधावरची." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "राव, पीएचडीची जागा शोधायची म्हंजे स्थळ बघायचं असतंय. पाच-सा वर्षं तितं नांदायचंय पोरीला. घराणं थोर हाय का ते कोण बी सांगंल. सून सुखी हाय का, ते कुठं लिवलंय ह्यात?"

"मग ते कुणाला विचारायचं?"

"सासूला इचारून घर कळत न्हाय. सुनंला इचारावं. आन् लई खरं पायजे असंल, तर माघारी आलेल्या सुनंला."

आमच्याकडं अशी एक माघारी आलेली सून होती. रणजित. इंदापूरचा, बागायतदार घरातला, मॅडमचा जुना विद्यार्थी. बऱ्याच वर्षांपूर्वी तो एका मोठ्या माणसाच्या हाताखाली पीएचडी करायला अमेरिकेत गेला. ती जागा निवडायची दोन कारणं होती. एक, तो मोठा माणूस. दोन, रणजितच्या आत्याचा दीर 'तिथून जवळच' राहायचा. गेल्यावर कळलं की अमेरिकेतलं जवळच म्हणजे मोटारीनं दिवसभराची वाट. आणि दुसऱ्या वर्षी तो मोठा माणूस नोकरी बदलून दुसरीकडं निघून गेला. त्या विभागात रणजितच्या विषयाचं दुसरं कुणीच नव्हतं. पोरगा परत आला. आज तो इंदापुरात घरी बसून एका विमा कंपनीचं काम करतो, डाळिंबाची बाग बघतो, आणि मजेत आहे. पण त्या जागेला "चांगली हाय, जा" असं म्हणणाऱ्या मॅडमच होत्या. वेबसाइट बघून म्हणाल्या होत्या.

"तवा मी बी बांधावरच हुबी व्हते," त्या एकदा मला म्हणाल्या. एवढंच. मॅडमना इतक्या हळू आवाजात बोलताना मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

तेव्हापासून परदेशी जाऊ म्हणणाऱ्या प्रत्येक पोराला आधी रणजितकडं पाठवायची पद्धत पडली. तोही हसत स्वागत करायचा. "या, माघारी आलेल्या सुनंच्या घरी या," म्हणायचा आणि डाळिंब सोलून द्यायचा. प्रज्ञाला त्यानं एवढंच सांगितलं, "एका हिरीवर ऊस लावू नगंस. ज्यांच्या हाताखाली काम करावंसं वाटंल अशी तीन तरी माणसं असतील तितंच अर्ज कर. एक हीर आटली तर दुसरी."

मग संख्याशास्त्र की जीवसंख्याशास्त्र, हा घोळ. मी प्रज्ञाला अभ्यासक्रमांची तुलना करून देणार होतो. मॅडमनी तिला नुसतं विचारलं, "तुला झोप कशापायी येत न्हाय? म्हंजे, कुठला प्रश्न डोक्यातनं जात न्हाय?"

प्रज्ञा म्हणाली, "आई गावातल्या बाळांची वजनं घेती, मॅडम. लहानपणापासनं मी काटा धरायला जायची. सगळी वजनं लिवायची, सरासरी काढायची, वर पाठवायची. पण काही बाया बाळ आणायच्याच न्हाईत. ऊसतोडीला गेलेल्या, न्हायतर बाळ आजारी असलेल्या. आमच्या सरासरीत ती बाळं कधी आलीच न्हाईत. मला ती न आलेली बाळं डोक्यातनं जात न्हाईत."

मॅडम खुर्चीतून उठल्या. चक्क टाळी वाजवली. "झालं! हे गणिताच्या इमारतीतलं पोरगं न्हाय राव, दवाखान्याशेजारच्या इमारतीतलं हाय. जीवसंख्याशास्त्र!" आणि मग यादीतल्या प्रत्येक विभागासमोर एकच प्रश्न राहिला. या न आलेल्या बाळांवर, म्हणजे हाती न लागलेल्या माहितीवर, काम करणारी किती माणसं तिथं आहेत? माझ्या तक्त्यातली निम्मी हिरवी नावं या एका प्रश्नाला गळाली. लाल रंगातली काही वर आली. मी तक्ता गुंडाळून ठेवला, पण रंग चांगले जमले होते हे माझं मत अजून कायम आहे.

आता सुनांना विचारणं आलं. मॅडमनी त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना पत्रं धाडली आणि व्हिडिओ कॉल ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडं सकाळ, तिकडं आदली रात्र. पहिला कॉल झाला तो कळसला, प्रज्ञाच्या घरी. समोर होती केटी नावाची मुलगी, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या विभागात तिसऱ्या वर्षाला. तो कॉल कसला, बघण्याचा कार्यक्रमच होता. आईनं सतरंजी घातलेली, बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार, वडील इस्त्रीच्या सदऱ्यात, मामा खास फलटणहून आलेले, आणि पडद्यावरच्या केटीसाठीसुद्धा एक पोह्यांची ताटली लॅपटॉपपुढं ठेवलेली. केटी बिचारी पोह्यांकडं बघून आधी गोंधळली, मग तिनं आपल्याकडचं बिस्कीट उचलून दाखवलं. आईला तेवढ्यानं ती पसंत पडली.

मॅडमनी इंग्रजीत थेट नांगर घातला. तुमच्या विभागातून मध्येच कोण सोडून गेलं? का गेलं? त्यांचा पत्ता मिळेल का? प्राध्यापक चिडतात तेव्हा काय करतात? केटीला अशा प्रश्नांची सवय नसावी, पण उत्तरं तिनं सरळ दिली. मामांनी पगाराचं विचारलं. विभाग फी घेत नाही, उलट काम देऊन महिन्याला पैसे देतो हे ऐकून मामा माझ्या कानाशी लागले, "सर, ह्यात काय तरी गोम हाय."

एवढ्यात आबा पुढं सरकले. "तिला इचार, तितं पाणी कसं हाय?"

प्रज्ञानं विचारलं. केटी म्हणाली, मोठं तळं आहे, पण हिवाळ्यात सगळं गोठतं.

"मग मासं कसं धरत्यात?" आबांचा जीव भिगवणच्या चिलापी मासळीत अडकलेला. दर बाजारी कुणी ना कुणी त्यांना ती आणून द्यायचं.

केटी खुलली. बर्फाला भोक पाडायचं, त्यावर स्टूल टाकून बसायचं, आणि भोकातून गळ सोडायचा, असं तिनं हातवारे करून दाखवलं. तिचे आजोबाही असेच बसतात म्हणाली. आबांनी तोंडावर हात ठेवला. "भोक पाडून!" ते म्हणाले. "माणसं कष्टाळू दिसत्यात."

इथं मॅडम एकदम उभ्या राहिल्या. "चला, आता थोरली माणसं समदी भाईर!" कुणाला काही कळेना. "पोरीला पोरीशी बोलू द्या. आपल्यासमोर कोण खरं बोलंल व्हय?" वडील, मामा, आई, आबा, मी, सगळे रस्त्यावर. मॅडमही. आपणच लावून दिलेला कॉल, आपलेच प्रश्न, आणि स्वतः दाराबाहेर, घराकडं पाठ करून उभ्या. त्यात प्रज्ञाच्या घरचा वाघ्या नावाचा कुत्रा येऊन त्यांचे पाय हुंगायला लागला. मॅडमनी डोळे मिटले, पण आत गेल्या नाहीत. बऱ्याच वेळानं प्रज्ञानं हाक मारली तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काय म्हणली?" मामांनी विचारलं.

"ते इचारायचं न्हाय," मॅडम म्हणाल्या. "पोरगी ठरवंल."

यादीत एक नाव शेवटपर्यंत राहिलं होतं. माझ्या तक्त्यातलं अगदी वरचं, गडद हिरवं. ते प्रज्ञालाही हवं होतं, प्राचार्यांना तर फारच. तिथं तिच्या विषयाची माणसंही होती. मॅडमनी नाही म्हटलं नाही. त्या फक्त तिथून माघारी आलेल्या एका मुलाला शोधत राहिल्या. कुठून कुठून ओळखी काढून तो सापडला, आता एका औषध कंपनीत कामाला होता. त्याच्याशी प्रज्ञा स्टाफरूममध्ये बोलली, आणि नियमाप्रमाणे आम्ही दोघं व्हरांड्यात. बाहेर आल्यावर तीच आपण होऊन बोलली, "तो म्हणाला, तिथं मला कुणी त्रास दिला न्हाय. मी हाय हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं."

त्या संध्याकाळी तिनं ते नाव स्वतः खोडलं. मी हळहळलो. खरं सांगतो, तोंडातून निघून गेलं, "अहो, हाती आलं असतं तर नाव केवढं झालं असतं!" मॅडम म्हणाल्या, "कुणाचं?"

मग वाट पाहणं आलं. हिवाळ्यात अर्ज गेले. दोन ठिकाणांहून नकार आले, एकानं ताटकळत ठेवलं. घरात सोलापूरचं स्थळ पुन्हा निघालं. मॅडमनी त्या दिवसांत डब्यांची फेरी बंद केली होती, यावरून काय ते समजा. आणि उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी केटीच्या विभागाचं पत्र आलं. बोलावलं होतं, फी माफ, वर पगार. प्रज्ञाच्या आईनं मॅडमना फोन केला आणि नुसती रडली. मॅडमना वाटलं नकार आला. त्याही रडल्या. मग प्रज्ञानं फोन हातात घेऊन दोघींना गप्प केलं.

प्राचार्यांनी मला विचारलं, "हे गाव नेमकं आलं कुठं?" मी नकाशात शोधून दाखवलं. ते नाव फ्लेक्सवर लिहून कुणाला कळणार नाही असं ठरलं, आणि भिगवण रोडवर फलक लागला: 'अमेरिका येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' कळसमध्ये मात्र त्या गावाची ओळख वेगळी. आबा भेटेल त्याला सांगायचे, "बर्फाला भोक पाडून मासं धरत्यात, तितं गेली आमची प्रज्ञा."

ती गेली, आणि मॅडमचं एक वेगळंच दुखणं सुरू झालं. दर रविवारी त्या तिला फोन करायच्या. प्रज्ञा दर रविवारी सांगायची, "छान आहे, मॅडम." सोमवारी मॅडम माझ्यासमोर चहा बशीत ओतून नुसत्या बघत बसायच्या.

"काय झालं? छान आहे म्हणाली ना?"

"म्हणली की. रणजित बी पहिल्या वर्षी छानच म्हणायचा." मग बशी तोंडाला लावून, "आता मीच सासू झाले, राव. सासूला कोण खरं सांगतंय?"

स्वतः घातलेला नियम असा गळ्याशी आला. सगळ्या बारामतीला आतला ऊस बघायला शिकवणारी बाई आपल्याच पोरीच्या बाबतीत बांधावर अडकली. त्यातच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांचं भाषण छोटं झालं आणि शेवटचा डबा त्यांनी माझाच तपासला. वांगी होती. "सुधारलीत," म्हणाल्या. घरी जाऊन हा शेराही मी सांगितला, आणि या वेळी मला गोड मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञा पहिल्यांदा घरी आली. दोन वर्षं झाली होती. मॅडमनी मला फोन केला. "राव, स्नेहलला घेऊन कळसला या." स्नेहल म्हणजे आमच्या एम.एस्सी.ची त्या वर्षीची मुलगी, इंदापूरची, हुशार आणि फटकळ. तिलाही जीवसंख्याशास्त्रात पीएचडी करायची होती. आम्ही पोचलो तेव्हा सतरंजी घातलेली होती, पोहे तयार होते. प्रज्ञा जरा वाळली होती, हसत होती. मॅडमनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, पण काही विचारलं नाही. स्नेहलला तिच्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "ही तितली सून. काय इचारायचं ते इचार. आमी भाईर हाय."

आम्ही बाहेर आलो. मे महिन्याचं ऊन, लिंबाची तेवढी सावली, आणि त्या सावलीत वाघ्या. मॅडम त्याच्यापासून हातभर अंतरावर, घराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. वाघ्या उठला, जवळ आला, साडीला नाक लावलं. त्या हलल्या नाहीत.

"मॅडम, उन्हात कशाला? ओट्यावर बसू."

"ओट्यावर ऐकायला येतंय," त्या म्हणाल्या.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आतून मध्येच कुणी तरी हसलं. मॅडमनी चटकन माझ्याकडं पाहिलं. "कोण हसलं?"

"दोघीही, वाटतं."

"हं." पुन्हा पाठ. मग आत बराच वेळ काही आवाज नाही. ती शांतता मॅडमना सोसवत नव्हती. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मला तेव्हा या बाईबद्दल जे वाटलं ते सांगायला लाज कशाला वाटावी? मला तिचा फार अभिमान वाटला, आणि दयाही आली.

स्नेहल बाहेर आली. म्हणाली, "मॅडम, माझं ठरलं. पहिला अर्ज ताई हाय तितंच करणार."

मी मनात म्हटलं, सुटलो. मॅडमचा चेहरा मात्र कडक झाला. "का गं? आपलं माणूस हाय म्हणून? त्येच्यावर मी काय शिकवलंय?"

"तसं न्हाय," स्नेहल फटकन म्हणाली. "ताई पहिल्या वर्षीच्या मोठ्या परीक्षेत नापास झाली, म्हणून."

वाघ्या मॅडमच्या पायावर डोकं टेकून बसला होता, ते त्यांना कळलं नाही.

"नापास?" त्या म्हणाल्या. "मला न्हाय बोलली."

"तुमाला कशी बोलंल? तुमी सासू!" स्नेहलनं त्यांचाच धडा त्यांना दिला. "लई रडली म्हणं. तीन दिवस खोलीच्या भाईर न्हाय आली. मग ती केटी आली, धरून तळ्यावर घेऊन गेली, बर्फावर बसवलं. दुसऱ्या दिवशी तिचे सर म्हणाले, दुसरी संधी असती, आपण तयारी करू. दोघं सर आन् एक बाई, दर आठवड्याला एक जण तिच्यासंगं बसायचं. दुसऱ्या खेपंला पास झाली. कुणी एका शब्दानं हिणवलं न्हाय म्हणली." मग ती म्हणाली, "पास झाल्यावर समदेच चांगलं वागवत्यात, मॅडम. नापास झाल्यावर कसं वागवत्यात, हे मला एकाच जागेचं कळलंय. म्हणून तितं."

मॅडम वळल्या आणि घरात गेल्या. मागोमाग आम्ही. प्रज्ञा हातात पोह्यांची ताटली घेऊन उभी होती, आणि आता काय ऐकावं लागणार या भीतीनं तिनं मान खाली घातली होती. मॅडमनी तिच्या हातातली ताटली काढून घेतली. चमचा मधोमध खुपसला, तळापर्यंत नेला, घास खाल्ला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "नापास झाल्यावर फोन करायचा असतो, बये."

"पुढच्या वेळी नक्की करते, मॅडम," प्रज्ञा म्हणाली, आणि दोघी एकदमच हसत सुटल्या. बाहेरून आबांनी विचारलं, काय झालं. कुणीच सांगितलं नाही.

मॅडम तशाच उभ्या उभ्या खात राहिल्या. मधले पोहे संपले, मग कडेचे. मी पाहत होतो. ताटलीत काही उरलं नाही. वरची कोथिंबीरसुद्धा.